फलकावरची सतरावी ओळ

पेंटरकाका सातवीच्या पुढे शिकले नव्हते, आणि गावातल्या एकूण एक शिकलेल्या माणसाचं नाव त्यांच्या हातून गेलेलं होतं. डॉक्टरांच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, शिकवणीवाल्यांच्या भिंती, सगळं त्यांचंच. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची पाटी रंगवताना त्यांनी शिडीवरूनच डॉक्टरांना ऐकवलं होतं, "साहेब, आता परीक्षा देणं थांबवा. अजून एक पदवी आणलीत तर भिंत वाढवायला लागेल."

माणूस किडकिडीत, कानामागे कायम खडू. बोटांना टर्पेंटाइनचा वास असा मुरलेला, की काकू त्यांना पीठ मळायच्या परातीजवळ फिरकू देत नसत. डाव्या हातात एक काठी असायची, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेली. ती पाटीवर टेकवायची, त्यावर उजवं मनगट ठेवायचं आणि अक्षर ओढायचं. हात कधी थरथरला नाही. जीभ मात्र सारखी चालू.

आमच्या शाळेच्या सभागृहातला गुणवंतांचा फलक हे त्यांचं सगळ्यात लाडकं काम होतं. माणसाहून उंच, गडद हिरवी लाकडी फळी. दर वर्षी तिच्यावर एकच ओळ चढायची: साल, शेवटच्या वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, आणि गुण. सोनेरी रंगात. "लांब नावाच्या पोरांनी जरा कमी अभ्यास करावा," काका म्हणायचे, "फळी पुरत नाही."

हे काम करायची त्यांची एक पद्धत होती. आधी खडू लावलेली सुतळी ताणून सोडायची, म्हणजे सरळ रेघ उमटते. मग नाव नुसतं खडूने लिहायचं. मग शिडीवरून उतरायचं आणि ज्याचं नाव आहे त्याला बोलावणं पाठवायचं. तो येऊन फळीसमोर उभा राहिला, नाव वाचलं, की काका विचारायचे, "रंग भरू?" आणि तो "भरा" म्हणेपर्यंत डबीचं झाकण उघडायचे नाहीत. तरुणपणी त्यांनी एका मुलाचं आडनाव चुकवलं होतं. त्याच्या वडिलांनी भर समारंभात आरडाओरडा केला, काकांना ते अक्षर पात्याने खरवडून काढावं लागलं आणि फळीला खड्डा पडला. तेव्हापासून हा नेम. "खडू ओल्या फडक्याने जातो," ते सांगायचे. "रंग जात नाही. म्हणून ज्याचं त्याने सांगायचं."

त्या फलकावरची सतरावी ओळ माझी आहे. मी लिहिते आहे ते काकांबद्दल, पण त्यांच्याबद्दल खरं सांगायचं तर मला मध्ये यावंच लागेल, आणि मी आले की गोष्टीची शोभा जाते. त्याला इलाज नाही.

काकांची मुलगी माझ्या वर्गात होती. डाव्या हाताने लिहायची म्हणून आख्खा वर्ग तिला डावरी म्हणायचा, बाईसुद्धा. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. ती डावीकडे, मी उजवीकडे, म्हणजे कोपराला कोपर लागायचं नाही. अभ्यासात आमची चुरस असायची, पण भांडण कधी नाही. खरं सांगायचं तर चुरस मलाच वाटायची. तिला गणित येऊन जायचं, जसं कुणाला शिट्टी वाजवता येते तसं. मला रट्टा मारून आणावं लागायचं.

आणि मला चित्र काढता यायचं नाही. शेवटच्या वर्षी विज्ञानाच्या प्रयोगवहीला वीस गुण होते आणि ते शेवटच्या बेरजेत धरायचे. वहीत तेवीस आकृत्या. मी बेडकाचं हृदय काढलं, ते डावरीने पाहिलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, हा बटाटा आहे. त्याला डोळेपण आहेत."

वही द्यायला आठवडा राहिला तेव्हा मी तिच्या घरी जाऊन रडले. खोटं नव्हतं ते रडणं, पण त्याचा उपयोग होईल हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "दे इकडे. आधी तुझी काढते, मग माझी." पाच दिवस ती माझ्या आकृत्या काढत बसली, आणि मी तिच्या शेजारी बसून शेंगदाणे खाल्ले. काय रेघा होत्या! पेंटरची पोर. छेदातल्या छायेच्या बारीक रेघा तर छापल्यासारख्या.

माझी वही वेळेवर गेली. तिची दोन दिवस उशिरा गेली. नियम असा होता की दिवसामागे एक गुण कापायचा, आणि आमच्या विज्ञानाच्या बाई नियमाला पक्क्या. मला वीसपैकी वीस मिळाले. तिला अठरा.

निकाल लागला. मला सहाशे बेचाळीस. तिला सहाशे एक्केचाळीस.

एक गुण म्हणजे काय हो? पण त्या एका गुणावर एक गोष्ट अडकलेली होती. मोठ्या शहरातलं कॉलेज आमच्या शाळेतून दर वर्षी एका मुलाला फी माफ करून वसतिगृहात जागा द्यायचं, आणि ती जागा फलकावर नाव असेल त्याची. माझे वडील इंजिनिअर होते. मला शहरात खोली घेऊन ठेवणं त्यांना अजिबात जड नव्हतं. डावरीला मात्र ती जागा मिळाली तरच शहर, नाहीतर बापाच्या शिडीखाली उभं राहून डब्या धरायच्या. हे मला माहीत होतं. मला नव्हतं माहीत असं म्हणायचीही सोय नाही.

निकालाच्या संध्याकाळी ती आमच्या फाटकाशी आली. आत आली नाही.

"तू बाईंना सांगशील ना?" ती म्हणाली. "आकृत्यांचं. मी सांगितलं तर चुगली होईल. तू सांगितलंस तर ते नुसतं सांगणं होईल."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"नक्की?"

"अगं, नक्की."

घरात पेढ्यांची... नाही, पेढे नव्हते, उगाच कशाला रंगवू. घरात वडील फोनवर सगळ्या नातेवाइकांना तोच एक आकडा सांगत होते. आई दारातच माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "पहिली आली माझी पोर." बस्स, तेवढंच झालं. पण त्या घरातून उठून बाईंकडे जाणं माझ्या जिवावर आलं. उद्या झाला, परवा झाला. मी रोज उद्यावर ढकललं. चौथ्या दिवशी शाळेचा शिपाई बोलावणं घेऊन आला: पेंटर थांबलेत, नाव तपासून जा.

सभागृह रिकामं होतं. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीशी लावलेल्या. बक्षीस समारंभासाठी एका लांब टेबलावर त्या वर्षीचं उत्तम काम मांडलेलं होतं आणि मधोमध माझी प्रयोगवही, बेडकाच्या हृदयाचं पान उघडलेलं. टेबल नेमकं फलकाखाली. काका शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ते पान बघत होते.

मी आले तसे ते उठले. फलकावर खडूने माझं नाव होतं. मी वाचलं. सगळं बरोबर होतं, वेलांटीसुद्धा.

काका नेहमीसारखे बोलत नव्हते. त्यांनी वहीवर बोट ठेवलं. त्यांच्या बोटाला रंग होता, म्हणून कागदाला न टेकवता वरच धरलं.

"या रेघा उजवीकडून डावीकडे कललेल्या आहेत," ते म्हणाले. "उजव्या हाताचा माणूस अशा रेघा ओढत नाही. त्याच्या उलट्या कलतात. तुझा हात उजवा ना, बाळ?"

मी मान हलवली.

"हे माझ्या पोरीच्या हातचं आहे. तिने घरी काही सांगितलं नाही. मी आता इथे बघितलं."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी रडले असते, उलट बोलले असते, काहीतरी सुचलं असतं. ते नुसते उभे होते, हातात ओलं फडकं.

"मी काही हेडमास्तर नाही," ते म्हणाले. "मला यादी मिळते, मी लिहितो. पण अजून खडूच आहे. तू म्हणालीस तर पुसतो, आणि आपण दोघं मिळून वर जाऊ. मी असेन बरोबर. तुला कुणी काही बोलणार नाही." मग थोडं थांबून, रोजच्या आवाजात, "नाहीतर सांग. रंग भरू?"

वरच्या मजल्यावर हेडमास्तरांची खोली. जिना माझ्या डाव्या हाताला. मोजून बावीस पायऱ्या.

"भरा," मी म्हटलं.

त्यांनी फडकं खिशात घातलं, डबी उघडली, शिडी चढले. मी पळून जायला हवं होतं, पण पाय निघेना. त्यांनी काठी टेकवली आणि पहिलं अक्षर ओढलं. मला वाटलं होतं, आता हे उरकतील कसंतरी. कुणाचंही असंच झालं असतं. पण नाही. त्या फलकावर सतराव्या ओळीइतकी देखणी ओळ दुसरी नव्हती. ते रागावून वाईट लिहू शकले असते आणि मला आयुष्यभर त्यांचा राग करता आला असता. तेवढीही सवलत त्यांनी मला दिली नाही.

मी शहरात गेले. फुकटच्या जागेवर. डावरी बापाच्या हाताखाली उभी राहिली. मी तिला पत्र लिहिलं नाही, तिनेही नाही. गल्लीत माझं नाव 'पहिली' पडलं. सुट्टीत घरी आले की कुठल्यातरी शिडीवरून हाक यायची, "काय पहिली, कसं चाललंय?" त्यात टोमणा नसायचा. मी टोमणा शोधायचे आणि सापडायचा नाही. पुढे पुढे लांबून शिडी दिसली की मी रस्ता बदलायला लागले. गावात शिडी दिसली की गल्लीत घुसणारी बाई, हसायला येईल कुणालाही. मला पण येतं, कधीकधी.

मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा वडिलांनी दारावर लावायला पाटी करायला टाकली, अर्थात काकांकडेच. खडूचं लिहून झाल्यावर त्यांचा निरोप आला, येऊन बघून जा. मी माझ्या धाकट्या भावाला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "काका विचारत होते, ती का नाही आली? मी म्हटलं, तिचं डोकं दुखतंय. ते म्हणाले, बरं, मग तूच सांग, भरू का." ती पाटी सुंदर झाली. ती मी कधीच लावली नाही. माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली आहे.

मी प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांच्या वह्या उशिरा आल्या तर मी एकही गुण कापत नाही. पोरं म्हणतात, मॅडम फार प्रेमळ. मी ऐकून घेते.

पुढे छापील फलक आले, संगणकावर अक्षरं कापून मिळू लागली आणि काकांचं काम आटलं. शाळेने मात्र फलक त्यांच्याकडेच ठेवला. शेवटी शेवटी हात थरथरायला लागला तेव्हा ते खाली स्टुलावर बसायचे आणि डावरी शिडीवर चढायची. चार वर्षांपूर्वी ते गेले. मी भेटायला गेले नाही. परीक्षेच्या कामात होते, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि परीक्षेचं काम खरंच होतं.

या वर्षी शाळेतून पत्र आलं. फलकाला वाळवी लागली होती. नवी फळी केली आहे, सगळी जुनी नावं पुन्हा लिहायची आहेत, आणि समारंभाला प्रमुख पाहुणी म्हणून मी यावं. खाली हाताने एक ओळ लिहिलेली होती: 'आदल्या दिवशी सकाळी ये. नाव तपासायचं आहे.' अक्षर डावीकडे कललेलं.

बत्तीस वर्षांनी मी त्या सभागृहात गेले. खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या, रचलेल्या तशाच होत्या. डावरी शिडीवर होती, केस पिकलेले, कानामागे खडू. बापाची काठी तिच्या उजव्या हातात. सोळा ओळी सोनेरी झालेल्या. सतराव्या ओळीवर खडू.

"आलीस," ती म्हणाली आणि खाली उतरली. तिने हात फडक्याला पुसले, मग माझा हात धरला. मला वाटलं होतं ती तुटक वागेल. ती हसत होती. "किती वाळलीस गं! मुलं छळतात वाटतं."

तीच बोलत राहिली, बापासारखी.

"तुला एक सांगायचं राहिलं होतं. मी तुझ्यावर वर्षभर चिडून होते. तू कॉलेजला निघून गेलीस, एक शब्द नाही. मग एक दिवस बाबांनी सांगितलं. तू इथे येऊन त्यांना म्हणाली होतीस ना, काका, पुसा हे, पहिली ती आहे. आणि हेडमास्तर म्हणाले, यादी झाली, आता बदलणार नाही. बाबा म्हणाले, ती बिचारी रडत होती, तिच्यावर राग धरू नकोस. मग मी नाही धरला." तिने फळीकडे पाहिलं. "ते ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. जागा गेली ती गेली. पण निदान मैत्रीण तरी धड होती."

खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखं वाटलं. काकांनी माझ्यासाठी एक चांगली मुलगी बनवून ठेवली होती, रंगवून, वाळवून तयार. मी नुसतं गप्प राहायचं होतं. आणि बहाणाही हाताशी आला लगेच: आता खरं सांगितलं तर तिच्या बापाचा शब्द खोटा पडेल, तो बिचारा वारलेला, कशाला उगाच? बत्तीस वर्षं शिकले, शिकवलं, आणि डोकं अजून तेवढंच झपाट्याने पळतं. माझी मलाच किळस आली.

डावरी शिडी चढली. ब्रश हातात घेतला. मग वळून विचारलं, सहज, पद्धत म्हणून, "भरू?"

"थांब," मी म्हटलं. "तुझे बाबा खोटं बोलले. मी पुसा म्हटलं नव्हतं. त्यांनी तुझ्या रेघा ओळखल्या, मला विचारलं. पुसतो म्हणाले, बरोबर वर येतो म्हणाले. मी भरा म्हटलं. हेडमास्तरांकडे कुणी गेलंच नाही."

ती हलली नाही. ब्रशच्या टोकाला सोनेरी थेंब जमला आणि तिने तो सवयीने डबीच्या कडेला पुसला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"रडत होतीस का?" तिने विचारलं.

"नाही."

खिडकीतून खालच्या मैदानावरच्या पोरांचा ओरडा येत होता. टेबलावर पाण्याचं भांडं होतं आणि भांड्यावर ओलं फडकं. मी ते उचललं आणि तिच्यापुढे वर धरलं.

"पूस," मी म्हटलं. "तुझं लिही. मी वर जाऊन सांगते. लेखी देते."

"ठेव ते खाली," ती म्हणाली.

"अगं पण..."

"शाळेची यादी आहे, त्यात तुझं नाव आहे. मी यादी लिहिते. वर जायचं ते जा, सांगायचं ते सांग, उद्या पाहुणी आहेस तर सगळ्यांसमोर सांग. तो तुझा प्रश्न. पण मी शिडीवर चढून तुला पुसून मोकळं करायचं? ते काम माझं नाही." मग आवाज एकदम खाली आला. "बाबांनी मला एक मैत्रीण दिली होती. ती तू आज नेलीस."

मी फडकं खाली ठेवलं.

"शिडी धर," ती म्हणाली. "हलते."

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. तिने बापाची काठी फळीला टेकवली, त्यावर डावं मनगट ठेवलं आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर ओढायला घेतलं. घाई केली नाही. एकेक अक्षर तसंच, त्यांच्यासारखं, देखणं. शेवटी गुण लिहिले, सहाशे बेचाळीस, आणि ती खाली उतरेपर्यंत मी शिडी सोडली नाही.